जातीने हजर

माझ्यासमोर एका दिवाणी दाव्याची फाईल आहे. कोर्ट दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचे. तालुक्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. दावा 2011 सालचा. त्याच्या रोजनाम्यात तारखेमागून तारीख एकच वाक्य येते : ‘वादी जातीने हजर.’ वादी म्हणजे माझी आई. पक्षकाराने वकील न देता स्वतः उभे राहावे, याला कोर्टाच्या मराठीत ‘जातीने’ म्हणतात. हा शब्द फारसी-अरबीकडून आलेला. ‘जात’ म्हणजे स्वतः. आपल्या छातीवर बसलेल्या ‘जाति’शी त्याचे कुळ जुळत नाही. शब्दकोशाने दिलेला हा खुलासा मला मान्य आहे. तरीही एका महार बाईच्या नावापुढे सरकारी शाईने लिहिलेले ‘जातीने हजर’ वाचताना डोळा अडखळतो, आणि तो अडखळावा असेच मला वाटते.

ही फाईल मी वाङ्मय म्हणून वाचू इच्छितो. असे म्हटल्यावर काही मित्र हसतील. अर्ज, दावा, प्रतिज्ञापत्र, पुरसिस हे काय वाङ्मय आहे? माझा उलट सवाल आहे. दलित आत्मकथनाला ‘हे तर केवळ दस्तऐवज’ असे म्हणून प्रस्थापित समीक्षेने एकेकाळी दाराबाहेर उभे केले, तेव्हा आपण त्या न्यायाला नकार दिला. मग खऱ्याखुऱ्या दस्तऐवजाला आपणही त्याच दाराबाहेर का ठेवावे? कविता, कथा, आत्मकथन, जलसा, लोकनाट्य, पत्रे या सर्वांची समीक्षा आपण केली. पण आमची माणसे गेली शंभर वर्षे ज्या प्रकारात सर्वांत जास्त लिहीत किंवा लिहून घेत आली, त्या अर्जाविषयी एक धड निबंध माझ्या वाचनात आलेला नाही.

याचे एक कारण असे दिसते की, कोर्ट म्हटले की आपल्या कल्पनेत वकील उभा राहतो. ‘जय भीम’ हा 2021 सालचा तमिळ चित्रपट पाहा. नवऱ्याच्या कोठडीतील मृत्यूचा जाब मागणारी सेंगेणी हे त्यातले जिवंत पात्र, पण कॅमेरा भक्तिभावाने पाहतो तो वकिलाकडे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) त्याहून पुष्कळ शहाणा आहे. वीरा साथीदारांनी उभा केलेला लोकशाहीर मंचावर पूर्ण आवाजात गातो आणि कोर्टात आरोपी म्हणून मोजकेच बोलतो. त्याच्या वतीने, त्याच्याविरुद्ध आणि त्याच्याविषयी बाकीचे बोलत राहतात. ही शांतता ताम्हाण्यांनी अचूक पकडली. पण मी ज्या बाईविषयी लिहितो आहे ती या दोन्ही चित्रपटांत बसत नाही. तिने आपला कागद आपण केला, आपण दाखल केला आणि आपण नेऊन पोचवला.

पोचवला, या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. कागद पोचवणे हे काम आमच्या पिढ्यांना नवे नाही. ‘बलुतं’ (1978) आणि ‘जिणं आमचं’ (1986) ज्यांनी वाचले आहे त्यांना येसकराची पाळी सांगायला नको. गावचा सारा तालुक्याला पोचवायचा, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळायचे, चावडीचा सांगावा घरोघर द्यायचा, मयताची खबर परगावी न्यायची. महाराच्या हातून कागद गेला नाही असे गाव नव्हते आणि त्यातल्या एका कागदावरही त्याचा शब्द नव्हता. तो वाहक होता. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ गाव-वतने प्रत्यक्ष रद्द व्हायला 1958 चा कायदा आणि 1 ऑगस्ट 1959 ही तारीख उजाडावी लागली. माझे आजोबा त्या तारखेपर्यंत कागद वाहत होते. आईचा दावा आहे तो त्याच वतनातून उरलेल्या हाडोळ्याच्या चौदा गुंठ्यांचा. कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता न येणारी आणि शेजाऱ्याला मात्र बिनपरवाना खाता येणारी जमीन!

दाव्याचा पहिला मसुदा मी लिहिला. मी मराठीचा शिक्षक, शिवाय दोन-तीन कविता छापून आलेल्या. पहिल्या परिच्छेदात मनुस्मृती होती, दुसऱ्यात हजारो वर्षांचा अंधार. तिसऱ्यात एकदाचा शेजारी आला. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “समदं खरं हाय बाबा. पर ह्यात बांध कुठाय?”

हा माझ्या लेखनावर आजवर झालेला सर्वांत नेमका अभिप्राय होय. पुढे मी दिवाणी प्रक्रिया संहिता चाळली तेव्हा कळले की कायदाही तेच म्हणतो. ऑर्डर 6, नियम 2 : वाद-कथनात महत्त्वाच्या घटना थोडक्यात सांगाव्यात, पुरावा सांगू नये, परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, तारखा, रकमा, संख्या आकड्यांत आणि अक्षरांत लिहाव्यात. म्हणून दुसरा मसुदा तिने सांगायचा आणि मी उतरवून घ्यायचा असे ठरले. ती सांगू लागली, “बाभळीपासनं वढ्यापतूर बांध सरळ हुता. आता मधी त्याला पोट आलंय.” मी ते तसेच लिहिले. टायपिंगवाल्याने त्याचे केले : ‘प्रतिवादीने सामायिक बांध मध्यभागी अंदाजे 2 (दोन) मीटर वादीचे मिळकतीत सरकविला.’ बांधाचे पोट गेले. मला हळहळ वाटली. आईला वाटली नाही. “सायबाला मीटर कळतंय,” ती म्हणाली. दुसऱ्याच्या जमिनीवर पोसलेल्या बांधाला ‘पोट’ हाच शब्द, आणि आत्मकथन असते तर त्यावर पानभर लिहिता आले असते. पण मीटरवर हुकूम करता येतो, पोटावर येत नाही. बोली आणि प्रमाण यांविषयी आपण चर्चासत्रांत जे बोलतो ते सगळे मला त्या दिवशी एका टेबलाशी, दहा रुपये पान या दराने समजले.

टायपिंगवाल्याच्या यंत्रात तयार साचा होता. त्यात ‘वादी ही गरीब, अडाणी व अशिक्षित विधवा असून’ असे आपोआप येत असे. आईने ते थांबवले. “अडाणी काढ. चौथी शिकलेली लिही.” त्याने लिहिले. दाव्याच्या पहिल्या परिच्छेदात ‘वादी ही इयत्ता चौथीपर्यंत शिकलेली’ असे आजही आहे. कायद्याच्या दृष्टीने त्या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. वाङ्मयाच्या दृष्टीने सबंध दाव्यातले तेच वाक्य मला पहिल्या प्रतीचे वाटते. दयेच्या भाषेत आपली बाजू बळकट होते हे साच्याला ठाऊक आहे; ती बळकटी तिला नको होती.

‘मेहेरबान’ मात्र राहिला. आपल्याकडे कोर्टाच्या नावामागे ‘मे.’ लागते, ते मेहेरबानचे संक्षिप्त रूप. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आमच्या लोकांनी जोहार टाकला, गावाने मारले तरी टाकला. आणि हक्काची दाद मागताना पहिल्या ओळीत मेहेरबान लिहितो! मी हे बोललो तेव्हा आई गप्प राहिली. टायपिंगवाला म्हणाला, “गुरुजी, ते काढलं तर ऑफिस घेणार नाही.” घेतले असते की नसते, याची परीक्षा आम्ही घेतली नाही. ती घ्यायला हवी होती असे आता वाटते.

दाव्याच्या शेवटी सत्यापन असते. कोणते परिच्छेद मी स्वतःच्या माहितीवरून खरे म्हणतो आणि कोणते मिळालेल्या माहितीवरून खरे मानतो, हे क्रमांकाने वेगळे करून लिहायचे. खाली तारीख, ठिकाण, सही. 2002 नंतर सोबत प्रतिज्ञापत्रही लागते. दलित साहित्य कोणी लिहावे, अनुभूती आणि सहानुभूती यांत फरक काय, या प्रश्नावर आपल्याकडे पन्नास वर्षे जी वादावादी झाली तिचे मला या चार ओळींत उत्तर सापडत नाही, पण प्रश्नाची शिस्त सापडते. सहानुभूतीने लिहिणाऱ्याला कायदा हाकलून देत नाही. तो एवढेच विचारतो की तुमचे कोणते वाक्य कोणत्या खात्यात जाते ते सांगा, आणि खोटे निघाले तर परिणाम भोगा. आमच्याविषयी लिहिलेल्या किती सवर्ण कादंबऱ्यांना असे सत्यापन जोडता येईल? आणि खरे बोलायचे तर आमच्याही किती कवितांना? माझ्या पहिल्या मसुद्याला मुळीच जोडता आले नसते.

दाखल करण्याची कथा लवकर सांगतो. खिडकीवर तीन हरकती निघाल्या : पानांना क्रमांक नाहीत, प्रतिवादींच्या संख्येइतक्या प्रती नाहीत, पत्त्याची पुरसिस नाही. चौथी हरकत चतुःसीमेची. मिळकत ओळखता येईल असे वर्णन द्यावे लागते. त्या निमित्ताने जुने उतारे काढले. शेजारच्या जमिनीच्या एका जुन्या खतात पश्चिमेची सीमा नुसती ‘महारकी’ अशी होती. तिथे माणसाचे नाव नव्हते. आमच्या दाव्यात ‘पूर्वेस’ म्हणून त्या घराण्याच्या वारसाचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट आले. आईने त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचून घेतली.

दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज होता. महाराष्ट्रातल्या कोर्टांत या अर्जाला निशाणी 5 म्हणतात. एकतर्फी मनाई मिळाली तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागद यांच्या प्रती आपणच लागलीच समोरच्याला द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या आणि तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी द्यायचे, असा ऑर्डर 39, नियम 3 चा दंडक आहे. ती वेळ आली नाही. साहेबांनी अर्जावर लिहिले : ‘सामनेवाल्यांनी म्हणणे द्यावे.’ शब्द फार चांगला आहे, म्हणणे. प्रत्येकाला म्हणणे असते आणि कोर्ट ते मागते. पण म्हणणे मागितल्याचे समोरच्याला कळवावे लागते आणि इथे गाडे रुतले.

बेलिफ दोनदा गावात गेला. दोन्ही वेळा अहवाल आला : ‘प्रतिवादी घरी मिळून आले नाहीत.’ दोन्ही दिवशी प्रतिवादी घरी होते. बेलिफाने चहा कुठे घेतला हे सगळ्या वस्तीला ठाऊक होते. यात काही जगावेगळे नाही. बजावणी न होणे हा गावातल्या बळकट माणसाचा सर्वांत स्वस्त बचाव होय. त्यात वकील लागत नाही, खोटे बोलावे लागत नाही, घरी असून नसायचे एवढेच. बजावणी झाली नाही तोवर आमच्या अर्जाला जगात श्रोता नव्हता. मधल्या काळात बांध आणखी सरकला.

तेव्हा तिने दस्तीचा अर्ज दिला. ऑर्डर 5 मध्ये 2002 साली नियम 9-अ आला. वादीने मागितले तर कोर्ट समन्स त्याच्याच हाती बजावणीसाठी देऊ शकते. समोरच्याने घेतले तर पोच घ्यायची. नाकारले, किंवा सही द्यायला नकार दिला, तर परत अर्ज करायचा. मग कोर्ट आपल्या यंत्रणेमार्फत ते पुन्हा काढते. साहेबांनी विचारले, “बाई, तुम्ही स्वतः जाणार त्यांच्या घरी?” ती हो म्हणाली.

त्या सकाळी मी सोबत होतो, म्हणून हा परिच्छेद मी स्वतःच्या माहितीवरून खरा म्हणतो. वाड्याच्या पायरीखाली ती थांबली. तिथे थांबायला तिला कोणी सांगितले नव्हते, पाय थांबले. मग तीच दोन पायऱ्या चढली. प्रतिवादी ओट्यावर बसले होते. समन्स आणि दाव्याची प्रत तिने पुढे केली. ते म्हणाले, “ठेव म्हातारे तिथं, ओट्यावर.”

हे वाक्य वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी वरून ओतणारा हात, पैसे जमिनीवर टाकणारा हात, त्याचे हे कागदी रूप. येसकराने आणलेला कागदही ओट्यावरच ठेवला जात असे. आई म्हणाली, “ठेवायचा कागुद न्हाय ह्यो. हातात घ्यायचा हाय, आन सही द्यायची हाय.” ते उठून आत गेले. ती काही वेळ हात पुढे करून तशीच उभी राहिली. मग कागद पिशवीत घातला आणि आम्ही एसटीने तालुक्याला गेलो.

नकाराचे प्रतिज्ञापत्र तिने त्याच दिवशी केले. त्यात तिने ते वाक्य अवतरणात घालायला लावले. ‘पुरावा लिहायचा नसतो’ असे मी म्हणालो. “ह्यो पुरावा न्हाय, ही घटना हाय,” ती म्हणाली. नियम 2 चा इतका चांगला अर्थ मी वकिलाच्या तोंडूनही ऐकलेला नाही. समन्स पुन्हा निघाले. या वेळी साहेबांनी बेलिफाला काय सांगितले ते मला माहीत नाही. तो दोन पंच घेऊन गेला, माणूस भेटला नाही म्हणून बाहेरच्या दारावर प्रत चिकटवली आणि पंचनामा केला. नियम 17 तेवढे पुरेसे मानतो. आठ दिवस वाड्याच्या दारावर माझ्या आईचे नाव होते. नवव्या दिवशी प्रतिवादींचे वकीलपत्र दाखल झाले. निशाणी 5 वर पुढे ‘जैसे थे’चा हुकूम झाला.

मनाई हुकूम या चीजेशी आमची पहिली मोठी ओळख उलट बाजूने झालेली आहे. महाडच्या सनातन्यांनी 1927 साली दिवाणी कोर्टात 405 नंबरचा दावा लावला. 14 डिसेंबरला तात्पुरती मनाई मिळवली, आणि सत्याग्रहासाठी जमलेल्या हजारो माणसांना चवदार तळ्यापासून एका कागदाने थोपवले. बाबासाहेब स्वतः त्यात प्रतिवादी होते. 23 फेब्रुवारी 1928 ला ती मनाई उठली, 8 जून 1931 ला दावा फेटाळला गेला, ठाण्याचे अपील 1933 त आणि उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 ला. एका तळ्यासाठी दहा वर्षे. या इतिहासातून आपण काय शिकलो, असे विचारले की कार्यकर्ते चटकन सांगतात, कोर्टावर विसंबू नये. काही जण सांगतात, वकील व्हावे. दोन्ही खरे आहे. पण कागदाची ताकद त्या दिवशी आमच्याविरुद्ध वापरली गेली, तीच ताकद वादी म्हणून आम्हाला चालवता येते, हे तिसरे उत्तर आमच्या लेखनात फारसे आलेले नाही.

इथे माझ्या विरोधकांचे म्हणणेही दिले पाहिजे, कारण ते मलाही पटते. वकिलाविना लढण्याचे कौतुक करणे म्हणजे लाचारीला अलंकार घालणे नव्हे काय? विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तो सोडून आपण जातीने उभे राहा, असे मी कोणालाही सांगणार नाही. आईनेही प्रथम मोफत वकील मागितला होता. मिळाला तो प्रतिवादींच्या चुलतभावाचे काम पाहणारा निघाला. तालुक्याच्या ठिकाणी वकील मोजके, नाती दाट.

किंमतही मोजावी लागली. एका तारखेला एसटी बंद पडली, ती दुपारी पोचली, तोवर वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला होता. वकील असता तर त्याने पुढची तारीख मागितली असती. दावा पुन्हा फाईलवर यायला अकरा महिने लागले, आणि त्या अकरा महिन्यांत ‘जैसे थे’ कुठे उरले? समोरचे वकील इंग्रजी न्यायनिवाडे वाचत तेव्हा ती माझ्याकडे पाही. मला मागे बसायला लावलेले असे. वरच्या कोर्टात तर अडचण वेगळीच. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 साली जातीने बाजू मांडणाऱ्यांसाठी नियम केले. कोर्टाच्या अधिकाऱ्यांची समिती त्याचे कागद तपासते, त्याच्याशी बोलते आणि तो कोर्टाला नीट साह्य करू शकेल की नाही याविषयी मत देते. अद्वातद्वा बोलून कोर्टाचा वेळ खाणारे लोक असतात, हे मी नाकारीत नाही. पण बोलायला लायक आहेस काय, हे आधी सिद्ध कर, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्यांना ही खिडकी नुसती खिडकी दिसत नाही. वकील घेणाऱ्या पक्षकाराला अशी परीक्षा नाही.

साहेबांनी एकदा तिला समजावून विचारले होते, आपण चांगला वकील का मागून घेत नाही? तिचे उत्तर रोजनाम्यात नाही, पण मी ऐकलेले आहे. “वकील बोलंल सायेब. मग मी कुठं बोलू?” न्याय मिळवण्याच्या दृष्टीने हे उत्तर कच्चे आहे. बोलण्याच्या दृष्टीने कच्चे नाही, आणि या दोन दृष्टींत निवड करायची वेळ तिच्यावर यावी हा त्या कोर्टाचा दोष, तिचा नव्हे.

आई 2019 साली गेली. पुराव्याची पाळी आली नव्हती. मुदतीत अर्ज देऊन मी वारस म्हणून नाव लावून घेतले. आता दावा सरतपासणीच्या प्रतिज्ञापत्रासाठी लागला आहे. वकील मित्र आहेत, ते फुकट उभे राहायला तयार आहेत आणि मी त्यांना वकीलपत्र देणार आहे. ‘जातीने हजर’ हे वाक्य माझ्या नावापुढे येणार नाही. पण प्रतिज्ञापत्र मलाच करायचे आहे. काल रात्री लिहायला बसलो. परिच्छेद 1, जमीन वतनी होती : उताऱ्यावरून खरे. परिच्छेद 7, समन्स नाकारले : स्वतःच्या माहितीवरून खरे. मधले 3 ते 6, बांध कधी, किती, कोणत्या मोसमात सरकला. तेव्हा मी परगावी नोकरीला होतो. त्या बांधावर ती रोज होती, मी नव्हतो. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येणार : ‘तुम्ही स्वतः पाहिले काय?’ त्या चार परिच्छेदांपुढे मी ‘आईने सांगितल्यावरून’ एवढेच लिहिले आहे आणि पान तसेच ठेवले आहे. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे.